पाहुणी म्हणून चार महिने, आणि मग पडताळणीचा मेल

आकाशगंगांचे फोटो बघून त्यांचा आकार नोंदवायचा, अशा एका विज्ञान प्रकल्पात मी चार महिने खातं न उघडताच काम केलं. फोटो समोर येत होते, ‘सर्पिल’ की ‘लंबवर्तुळाकार’ हे निवडता येत होतं. मग नाव-पासवर्डाच्या भानगडीत कशाला पडायचं, असं वाटायचं.

एका रात्री एकमेकींत गुंतल्यासारख्या दोन दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, दिसल्या. मी उत्तर नोंदवलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बघाव्याशा वाटल्या तर फोटो सापडेना. पाहुण्यांनी काय बघितलं याची यादी तिथे राहतच नाही. चार महिन्यांचं काम प्रकल्पाच्या कामी आलं असेल, पण त्यातलं माझं काय होतं ते मलाच दाखवता येईना. फार लागलं ते मनाला. त्याच दिवशी नोंदणी करायला बसले.

फॉर्म दोन मिनिटांत भरून झाला. ‘तुमच्या पत्त्यावर पडताळणीचा दुवा पाठवला आहे’ असं आलं आणि तिथेच घोडं अडलं. पत्ता मी ऑफिसचा दिला होता. अर्धा तास गेला, मेल नाही. स्पॅममध्येही नाही. ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. रात्रीपर्यंत पाच वेळा दाबलं. सकाळी बघते तर चार मेल एकदम आलेले. पहिला उघडला, ‘हा दुवा वैध नाही’. दुसरा, तेच. चारही तसेच. दुपारी पाचवा आला, तोवर त्याची मुदत संपलेली. सहाव्यांदा मागायला गेले तर ‘फार वेळा प्रयत्न झाला, उद्या या’. एवढ्याशा कामासाठी मला रडू यायचं बाकी होतं. नवा दुवा मागितला की जुना रद्द होतो, हे त्या बटणाशेजारी एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

मेल उशिरा का आले, ते ऑफिसात मेलचं काम बघणाऱ्या दादांनी सांगितलं. ‘ग्रेलिस्टिंग’ म्हणतात त्याला. अनोळखी सर्व्हरकडून पहिल्यांदा मेल आला की आपला सर्व्हर त्याला ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतो. नीट चालणारा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे बहुतेक येत नाहीत. २००३ पासूनची ही युक्ती. पण पुन्हा कधी यायचं ते पाठवणारा ठरवतो, आणि तो दुसऱ्याच सर्व्हरवरून आला तर परत अनोळखीच ठरतो. म्हणजे मी जितकं बटण दाबत होते तितका गुंता वाढत होता.

तिसऱ्या दिवशी स्वतःचा खासगी पत्ता दिला. एका मिनिटात मेल आला. तुम्हीही ऑफिसचा पत्ता देऊ नका. नोकरी सुटली की तो पत्ता जातो आणि विसरलेला पासवर्ड बदलायचा रस्ताही बंद होतो. ‘पुन्हा पाठवा’ एकदाच दाबा, मग सगळ्यात शेवटी आलेलाच मेल उघडा. आणि हो, नाव निवडताना त्यात जन्मवर्ष घालू नका, ते सगळ्यांना दिसतं आणि नंतर बदलता येईलच असं नाही.

इतका त्रास होऊनही खातं पहिल्याच दिवशी उघडा, असंच मी सांगेन. २००७ साली ‘गॅलेक्सी झू’ या अशाच आकाशगंगांचे आकार नोंदवायच्या प्रकल्पात काम करताना हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक वेगळाच डाग दिसला. तो काय आहे, असं तिने शास्त्रज्ञांना विचारलं. आज तो ‘हॅनीज फोरवेर्प’ म्हणून ओळखला जातो. ‘फोरवेर्प’ म्हणजे डचमध्ये ‘वस्तू’. नाव नसलेल्या पाहुणीला हे विचारता आलं असतं का, आणि उत्तर तरी कुणाला मिळालं असतं?

आता माझी यादी राहते. आवडलेला फोटो खूण करून ठेवते, त्याखाली प्रश्न विचारते. परवा अशाच एका जोडीबद्दल विचारलं तर एका जुन्या सदस्याने समजावलं की त्या दोघी गुंतलेल्या नाहीत, आपल्या नजरेच्या रेषेत एकीमागे एक आल्या आहेत. अंतरं कशी पडताळायची तेही दाखवलं. त्या पहिल्या रात्रीच्या दोघींची अंतरं मात्र आता मला बघता येणार नाहीत.