“स्वच्छ” पाणी

“बघा, आमच्या भातखाचरात पाणी कसं स्वच्छ आहे!” काका कौतुकाने म्हणाले.

खरंच होतं. ओंजळीत एकही किडा नाही. बांधापलीकडे, जिथे दाणेदार कीटकनाशक टाकलं नव्हतं, तिथल्या ओंजळीत मात्र चतुराचं पिल्लू आलं. चिखलाच्या रंगाचं, सहा पायांनी बोटाला घट्ट धरलेलं. हेच डासांच्या अळ्या फस्त करतं.

काकांचं ते “स्वच्छ” दिवसभर डोक्यातून जाईना.

पाण्यावर धावणारे बारीक किडे खाली पडलेले, भाताचा रस शोषणारे तुडतुडे खातात. फवारणीत हे राखणदार आधी मरतात. तपकिरी तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुखरूप राहतात, आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. मग पुन्हा फवारणी. शेतकऱ्याचा पैसा जातो तो असा, याचं फार वाईट वाटतं.

खाचरातलं पाणी मधूनमधून काढून टाकण्याचंही तसंच. त्याने खाचरातून निघणारा मिथेन वायू कमी होतो, पाणी वाचतं, ते हवंच. पण चतुराच्या पिल्लाला पंख फुटेपर्यंत पाणी लागतं.

खाचर सुकवताना बांधालगत एक चर भरलेला ठेवला तर? तुमच्याकडे कुणी ठेवतं का?