आत्याचा खोकला

गेल्या पंधरा दिवसांत आत्याचा खोकला मी निदान चाळीस वेळा काढला असेल. ज्येष्ठमध नाही, आल्याचा रस नाही, खडीसाखर नाही. माऊसने खोकला निवडायचा, डिलीटचं बटण दाबायचं, खोकला गायब. आणि पाच मिनिटांनी तो परत हजर. तोही अगदी जिथल्या तिथे, ‘गंगेचं पाणी चढायला लागलं’ आणि ‘तुझे काका म्हणाले’ यांच्या मधोमध.

पुढच्या महिन्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा पाहिलेल्या बाईला द्यायचं काय, यावर घरच्या ग्रुपवर पैठणीपासून मसाज खुर्चीपर्यंत सगळं होऊन गेलं. मी म्हटलं, तिच्याकडून १९६९ च्या पुराची गोष्ट रेकॉर्ड करून घेऊ आणि कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवू. (जेवणाच्या आधी की नंतर, यावर अजून एकमत नाही. आधी कोणाचं लक्ष लागणार नाही आणि नंतर कोणी जागं राहणार नाही, असं बायकोचं म्हणणं.)

नाशिकला गोदावरीचा, म्हणजे आमच्या तोंडी गंगेचा, पूर नवा नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत सांगतात, पण नाशिककर विचारतो ते ‘दुतोंड्याच्या कुठवर आलं?’ दुतोंड्या म्हणजे नदीपात्रातला मारुतीचा पुतळा. गुडघ्याला की कमरेला? छातीला लागलं म्हटलं की मग आवाज बदलतो. १९६९ साली तो मारुती अख्खाच पाण्याखाली गेला होता आणि आत्या तेव्हा भांडी बाजारामागच्या वाड्यात नवीन नवीन नांदत होती. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. रेकॉर्ड करून ठेवावी असं मात्र इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

पहिलं रेकॉर्डिंग वायाच गेलं. आत्याचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती घंटा गोदाकाठच्या देवळावर टांगलेली आहे. आत्याच्या आवाजामागे तसं काही निमित्त नाही, तो जन्मजात आहे. माईकची पट्टी सारखी लाल होत होती. आवाज मर्यादेबाहेर गेला की लहरीचा शेंडा सपाट कापला जातो आणि कापलेला शेंडा मग कुठल्याच बटणाने परत येत नाही. दुसऱ्या दिवशी माईक दोन हात लांब ठेवला. सव्वा तासाचं रेकॉर्डिंग झालं. त्यातून वीस मिनिटं काढायची होती.

आवाज कापायला मला मनापासून आवडतं. पडद्यावर आत्याचं बोलणं सुरवंटासारखं पसरलेलं असतं, जाड-बारीक, केसाळ. मोठं करत गेलं की केस जाऊन एक सुबक नागमोडी रेघ उरते आणि आणखी मोठं केलं की रेघेचे ठिपके होतात. एका सेकंदाचे ४४,१०० ठिपके. खोकला अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २२,०५० आकडे. रेघ मधल्या आडव्या अक्षाला जिथे ओलांडते नेमकं तिथे कापायचं, नाहीतर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. हे कळायला मला तीन दिवस लागले आणि कळल्यावर मी ते घरात सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

तर त्या खोकल्याचं प्रकरण असं. मी तो कापायचो. मग काकांचं वाक्य जरा हळू आहे म्हणून डावीकडच्या पट्टीने आवाज वाढवायचो. जास्त झाला असं वाटून कंट्रोल झेड, म्हणजे शेवटचं काम मागे घेणारं अनडू, दाबायचो. आवाज पहिल्यासारखा व्हायचा आणि त्याच्यासोबत खोकलाही परत यायचा. उलटं बटण दाबलं, म्हणजे रीडू केलं, तर खोकला जायचा पण आवाज पुन्हा चढायचा. थोडक्यात, खोकणारी शांत आत्या हवी की न खोकणारी ओरडणारी, एवढीच निवड माझ्या हातात. पट्टी हाताने मागे नेता येते हे मलाही कळतं. पण ती आधी नेमकी कुठे होती हे लक्षात ठेवावं लागू नये म्हणून तर अनडू असतं ना!

पहिले दोन दिवस मी दोष स्वतःला दिला. साठीनंतर तो आपोआपच स्वतःकडे येतो. खोकला कापला असं नुसतंच वाटलं असेल, किंवा झेड दोनदा दाबला गेला असेल. मग कीबोर्डवर संशय घेतला: बटण झिजलं की एकदा दाबून अक्षर दोनदा उमटतं. नोटपॅडमध्ये पानभर झेड टाइप करून पाहिले, एकही जास्तीचा नाही. मुलाचा जुना कीबोर्ड लावला, तेच. कीबोर्डला हातच न लावता मेनूत जाऊन माऊसने अनडूवर क्लिक केलं, तरी खोकला आलाच. तेव्हा कुठे मनात आलं की चूक माझी नसेलही. त्या वेळी जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

शेजारी आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना हे सांगितलं तर हसले. त्यांच्या काळात पाव इंच रुंदीच्या फितीवर सगळं. फीत हाताने मागे-पुढे ओढून जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने पंचेचाळीस अंशांत तिरका काप घ्यायचा आणि पांढऱ्या चिकटपट्टीने जोडायचं. सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर फीत पळायची, म्हणजे आत्याचा खोकला साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा, मधल्या बोटापेक्षा थोडा लांब. “कापलेला तुकडा आम्ही गळ्यात अडकवून ठेवायचो,” काका म्हणाले, “वाक्य संपेपर्यंत फेकायचा नाही. साहेब म्हणाले ‘परत लावा’, तर तोच शोधायला लागायचा, टेबलाखाली शिरून.” त्यांचं अनडू तिथे टेबलाखाली होतं. पण ते एका वेळी एकच तुकडा परत आणायचं, न मागितलेला दुसरा त्याला चिकटून येत नसे.

शनिवारी पुण्याहून भाचा आला. तो सॉफ्टवेअरवाला. मी त्याला करून दाखवलं, खोकला परत आला. मग त्याने त्याच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तीच फाईल उघडली, खोकला कापला, पट्टी सरकवली, अनडू केलं. फक्त आवाज मागे गेला. खोकला गेलेलाच.

“माझ्याकडे तर होत नाहीये, मामा.”

हे वाक्य मी मेकॅनिककडे, डॉक्टरकडे आणि वायरमनकडे आयुष्यभर ऐकत आलो आहे.

पण पोरगं चिवट निघालं. आत्याला बाजूला ठेवून त्याने आधी दहा सेकंदांचा एक सपाट सूर तयार केला, ४४० हर्ट्झचा. (“दूरदर्शन लागलं का रे?” स्वयंपाकघरातून.) त्यातले दोन सेकंद कापायचे, आठ उरतात. आवाज बदलायचा. अनडू करायचं. आठ राहिले तर ठीक, दहा झाले तर चोर सापडला. त्याच्याकडे पाचही वेळा आठ, माझ्याकडे पाचही वेळा दहा. आवृत्ती तीच, विंडोज तेच. मग तो माझ्या पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघायला लागला.

“तू पट्टी कशाने हलवतोस?”

माऊसच्या चाकाने. पट्टीवर बाण नेऊन चाक फिरवायचं, कट कट कट. तो टचपॅडवर बोट धरून ओढत होता. मी ओढलं तर माझ्याकडेही आठ. त्याने माझा माऊस लावून चाक फिरवलं तर त्याच्याकडेही दहा. त्याने इतिहासाची खिडकी उघडून दाखवली, त्यात केलेल्या कामांची यादी असते. ओढून आवाज बदलला की यादीत नवी ओळ येत होती. चाकाने बदलला की येतच नव्हती.

त्याचा अंदाज असा, आणि यादी पाहिल्यावर मला तो पटला: चाकाची एकेक खाच हा एकेक बदल. तीस खाचा फिरवल्या तर तीस वेळा अनडू करावं लागू नये म्हणून त्या सगळ्यांची एकच पायरी करतात. फक्त पहिल्या खाचेने नवी पायरी सुरू करायला हवी, ती इथे सुरू होत नाही, आधीच्याच पायरीत जाऊन बसते. आधीची पायरी खोकला कापल्याची. म्हणजे मशीनच्या लेखी खोकला कापणं आणि आवाज वाढवणं हे एकच काम.

मग एक काम म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न मला रविवारच्या मिसळीपर्यंत पुरला. आई स्वेटर विणायची तेव्हा टाका चुकला की ओळ उसवायची. मधलीच ओळ उसवता येत नाही, तिच्यानंतरच्या सगळ्या आधी जातात. पण निदान तिथे ओळ म्हणजे काय हे डोळ्यांना दिसतं. कंट्रोल झेडमध्ये ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. लिहिताना दाबलं तर कधी एक अक्षर जातं, कधी अख्खं वाक्य. मराठी मेनूत याला ‘पूर्ववत करा’ म्हणतात. पूर्ववत, पण किती पूर्वीवत?

आणि आत्या! सव्वा तासातला पाऊण तास तर तिच्या अनडूचाच आहे. “मग दारातून एक हंडा तरंगत आत आला... नाही, थांब थांब. हंडा नव्हे. थांब, पहिल्यापासून सांगते. सकाळी दूधवाला आला नाही...” हंडा चुकला तर फक्त हंडा बदलावा; ही थेट सकाळच्या दुधापर्यंत मागे जाते, दूध तापवते, काकांना घाटावर पाणी बघायला पाठवते, आणि दारात तरंगणारं भांडं येईतो दुसरंच काहीतरी आठवून पुन्हा मागे. तिचीही पायरी मोठी आहे. तिथे कुठलं चाक काढून दाखवणार?

भाच्याने सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं: केलं काय, व्हायला हवं होतं काय, झालं काय. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं उत्तर आलं. पण पौर्णिमा काही पुढच्या आवृत्तीसाठी थांबत नसते. आणि चाक सोड म्हणावं, तर बोट दर वेळी आपलं आपणच चाकावर जातं. तेव्हा जाता जाता त्याने एक तोड काढून दिली. काहीही कापलं की लगेच तिथे एक खुणेची चिठ्ठी लावायची, लेबल. मग चाकाचा बदल जाऊन बसेल तो चिठ्ठीच्या पायरीत. अनडू केलं तर चिठ्ठी जाईल, कापलेलं कापलेलंच राहील. दाराला पाचर मारावी तसं. चिठ्ठीवर काहीतरी लिहावं लागतं, म्हणून मी लिहीत गेलो ‘थांब’.

गुरुवारी वीस मिनिटं पुरी झाली. आत्याला बोलावून ऐकवली. डोळे मिटून, पदर खांद्यावरून घेऊन, कीर्तनाला बसावं तशी बसली होती. खोकल्याची जागा आली आणि गेली, तिला पत्ता नाही. संपल्यावर चष्मा लावून पडद्याकडे वाकली. आवाजाच्या पट्ट्याखाली एका ओळीत साठेक चिठ्ठ्या.

“हे काय रे, सगळीकडे थांब थांब लिहिलंयस?”

“तूच म्हणतेस ते.”

“इतक्यांदा?” क्षणभर गप्प झाली. “बरं, छान झालंय. फक्त ते हंड्याचं तेवढं काढ.”

“अगं, हंडा काढलाय. आता घंगाळ आहे. तूच सांगितलंस.”

“घंगाळच होतं. पण ते दारातून नाही आलं,” ती म्हणाली आणि माईक स्वतःकडे ओढला. “थांब. पहिल्यापासून सांगते.”