विरजण

12 जुलै 2023, बुधवार

सकाळी चहा घेताना बातमी वाचली. सॅन फ्रान्सिस्कोतली जुनी बिअर कंपनी अँकर ब्रुइंग बंद होणार. कामगारांना साठ दिवसांची नोटीस, मग सगळ्याची विक्री. चहा निवून गेला तरी मी फोन हातात धरून बसले होते.

गेल्याच महिन्यात पाल चुकचुकली होती. त्यांनी जाहीर केलं होतं की बिअर आता कॅलिफोर्नियाबाहेर विकणार नाही आणि यंदा ख्रिसमस एल निघणार नाही. 1975 पासून सलग 48 वर्षं दर हिवाळ्यात ही बिअर आली. दर वर्षी नवी कृती, लेबलावर दर वर्षी वेगळं झाड. त्यातली बहुतेक झाडं जिम स्टिट या एकाच चित्रकाराच्या हातची. माझ्याकडे बारा रिकाम्या बाटल्या आहेत, त्या फक्त झाडांसाठी ठेवल्या. तेव्हाच मनात आलं होतं, घरातला सण थांबवतात म्हणजे घरात काहीतरी फार बिघडलेलं असतं.

कारणं छापून आलीत. 2016 पासून उतरती विक्री, महामारी, महागाई, स्पर्धा. खरी असतीलही. 2017 मध्ये जपानच्या सापोरो या बिअर कंपनीने अँकर विकत घेतली, 2021 मध्ये जुनी हाताने काढलेली लेबलं जाऊन नवी, भडक लेबलं आली. दुकानाच्या फळीवर मला माझीच बाटली पटकन सापडली नव्हती. त्या दिवशी वाईट वाटलं होतं, आज जास्त वाटतंय.

रात्री

झोप येत नाही, म्हणून लिहिते.

2010 साली मी या शहरात नवी होते. कुणीतरी पोट्रेरो हिलवरची अँकरची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बघायला नेलं. मारिपोसा स्ट्रीटवरची ती 1937 ची इमारत, आधी तिथे कॉफी भाजायचे. टेकडी चढतानाच वास आला. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात भिजले की येतो तो, गोडसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. आत तांब्याची मोठाली भांडी, घासून लख्ख केलेली. आणि काचेपलीकडे ती खोली, जिच्यासाठी मी नंतर पुन्हा पुन्हा गेले: उघड्या, रुंद, उथळ टाक्या, वर जाड पांढरा फेस.

अँकरची ओळख असलेल्या स्टीम बिअरचं सगळं मर्म त्या उथळपणात आहे. लागर म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, तिचं यीस्ट थंडीत काम करणारं. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात आलेल्या लोकांना लागर हवी होती, पण बर्फ नव्हता. मग त्यांनी तेच यीस्ट उबदार हवेत वापरलं आणि रस उथळ टाक्यांत पसरून ठेवला, म्हणजे आंबताना तयार होणारी उष्णता लवकर निघून जाईल. अडचणीतून निघालेली वाट, पण तिची चव दुसऱ्या कशाला नाही. स्टीम हे नाव का पडलं याच्या दोनतीन कथा सांगतात. मला त्यातली छपरावरून निघणाऱ्या वाफेची आवडते.

तेव्हा मी आईला फोनवर हे सांगितलं होतं. एका घाण्यातलं यीस्ट काढून पुढच्यात घालतात, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की गं." मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, पण इतक्या नेमक्या शब्दात ते मला सुचलं नव्हतं. आपल्याकडे आनंदावर विरजण पडलं म्हणतात. मला हा वाक्प्रचार कधी पटला नाही. विरजण पडतं म्हणून तर दुधाचं काही होतं.

16 जुलै, रविवार

आज टॅपरूमला, म्हणजे ब्रुअरीच्या स्वतःच्या बारमध्ये, जाऊन आले. रांग फुटपाथवरून वळून पलीकडे गेली होती. कुणी वडिलांना घेऊन आलेलं, कुणी जुना टी-शर्ट घालून. माझ्या पुढचे आजोबा म्हणाले, सत्तरच्या दशकात या चवीचं दुसरं काही मिळतच नव्हतं. मला ते शब्दशः खरं वाटतं.

1965 मध्ये ही ब्रुअरी बंदच पडणार होती. फ्रिट्झ मेटॅग तेव्हा 27 वर्षांचा, वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातला. नॉर्थ बीचमध्ये ज्या ठिकाणी तो ही बिअर प्यायचा, तिथल्या मालकाने त्याला सांगितलं की लवकर जाऊन बघून ये, ती बंद होतेय. तो गेला आणि 51 टक्के हिस्सा घेऊन बसला. बिअर कित्येकदा आंबट निघायची, उपकरणं जुनाट, गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्याने आधी काय केलं असेल तर स्वच्छता. बाटलीत भरायला लागला तोच मुळी 1971 मध्ये. नफा दिसायला दहाएक वर्षं गेली. दहा वर्षं! बिअर घरी करणाऱ्या कुणालाही विचारा, या कामात निम्म्याहून जास्त वेळ घासण्या-धुण्यात जातो. ते ज्याला मनापासून आवडतं, तोच टिकतो.

आणि मग 1975. लिबर्टी एल ही बिअर, इंग्रज सैन्य येतंय ही खबर द्यायला निघालेल्या पॉल रिव्हियरच्या घोडदौडीला 200 वर्षं झाली म्हणून काढलेली. तिच्यात कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, तेही आंबवल्यानंतर पुन्हा कोरडे घातलेले. आज जगभर हॉप्सच्या वासाच्या ज्या बिअर मिळतात, त्यांचं मूळ शोधत गेलं तर या बाटलीपाशी यावं लागतं. ती दौड 18 एप्रिल 1775 ची. आणि 18 एप्रिल 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत अँकरची पहिली जागा जळून गेली होती. तारीख एकच आहे हे मला आज रांगेत उभं असताना लक्षात आलं.

तिथून किती जणांनी विरजण नेलं! जॅक मॅकऑलिफने अँकर पाहिली आणि 1976 मध्ये सोनोमात न्यू अल्बियन ही स्वतःची ब्रुअरी काढली. ती फार टिकली नाही, पण केन ग्रॉसमनने 1980 मध्ये चिकोत सिएरा नेवाडा सुरू केली ती टिकली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी या देशात ब्रुअरी शंभरसुद्धा नव्हत्या, आता नऊ हजारांहून जास्त आहेत. स्पर्धेमुळे बंद होतेय असं म्हणतात, तेव्हा मला हेच आठवून गलबलतं. ही स्पर्धा तिच्याच अंगणात वाढली.

टॅपरूममधली मुलगी ग्लास देताना हसत होती, डोळे सुजलेले. तिने माझ्याकडून टिप घ्यायला दोनदा नकार दिला. कामगारांनी 2019 मध्ये युनियन केली होती. आता तेच एकत्र येऊन ब्रुअरी विकत घेऊ पाहतायत, सहकारी पद्धतीने चालवायला. मला तसं व्हावं असं फार वाटतं. त्या टाक्यांवर रोज नजर ठेवणारे हात त्यांचे आहेत. कृती कागदावर उतरवता येते, पण फेस कधी काढायचा हे बघून बघूनच कळतं.

29 जुलै

घरी एक घाणा लावला. कॅलिफोर्निया कॉमन. स्टीम हे नाव अँकरने नोंदवून घेतलेलं असल्यामुळे बाकी सगळे या प्रकाराला असंच म्हणतात. 16 अंशावर ठेवलंय. अजून बुडबुडा नाही.

31 मे 2024, शुक्रवार

अँकर विकली गेली. कामगारांना नाही मिळाली, ते मनाला लागलं. घेतली हम्दी उलुकायाने. चोबानीवाला.

दही करणारा माणूस! मी जागची उठलेच. 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका मोठ्या कंपनीने दह्याचा जुना कारखाना बंद केला, तो याने कर्ज काढून घेतला आणि तिथल्याच काही कामगारांना हाताशी धरून सुरुवात केली. तुर्कस्तानातल्या कुर्दी घरातला, दूधदुभत्यात वाढलेला. इमारत, उपकरणं, कृती, सगळं एकत्र घेतलंय म्हणे.

लगेच आईला फोन केला. तिकडे रात्र झाली होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिने एकच विचारलं, "पण विरजण ठेवलंय का कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. अँकर सुरू झाली त्या 1896 पासूनचं एकच विरजण होतं असं मी कधी म्हणणार नाही, मध्ये 1920 ते 1933 दारूबंदी होती, 1934 ला पुन्हा आग लागली, 1959 ला काही महिने टाळं होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी कुठून तरी पुन्हा आणून लावलं.

संध्याकाळी मारिपोसा स्ट्रीटवर गेले. टेकडी चढून दाराशी थांबले. हवेत समुद्राचा गारवा होता, जवाचा वास नव्हता. बराच वेळ उभी होते. घरी येऊन फ्रीज उघडला, जुलैतल्या घाण्यापासून जपलेल्या यीस्टची बरणी मागे सरकली होती ती पुढे घेतली आणि तिच्यावर आजची तारीख लिहिली.