दोन गडद निळे

आज अख्खा दिवस बेडरूमच्या भिंतीपुढे गेला. शेडकार्डवर दोन्ही निळे इतके सारखे, की सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकच तर आहे!" पण पेंटरकाकांनी दोन्हींचे मोठे पॅच मारले आणि सुकल्यावर फरक उघड झाला. एकात हिरवट झाक, दुसऱ्यात जांभळट.

आमची खोली उत्तरेकडची. थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आकाशाचा थंड, निळसर उजेड तेवढा असतो. त्यात जांभळट निळा दुपारीसुद्धा काळा वाटत होता. संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळा दिवा लावला आणि हिरवट निळा चक्क मोरपंखी दिसू लागला, फार सुंदर! पांढऱ्या ट्यूबखाली मात्र दोन्ही पुन्हा जुळे. एका प्रकाशात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणून दुकानातल्या उजेडात रंग ठरवू नका, मनापासून सांगते.

शेडच्या माहितीत एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडाही बघा. काळ्याकडे ० आणि पांढऱ्याकडे १००. गडद शेड बहुतेक १० च्या खालीच असतात, त्यामुळे दिवे वाढवावे लागतात.

आम्ही हिरवट निळा घेतला. एकाच भिंतीला, मॅट फिनिशमध्ये. मॅटवर हाताचे डाग पटकन दिसतात, पण भिंतीचं उंचसखलपण झाकलं जातं, आणि आमची भिंत जुनी आहे. उद्या आधी करड्या प्रायमरचा हात, मग रंग.