११.७ चा हिशेब

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी फायनान्शियल एडच्या ऑफिसात काम करते. फी, अनुदान, कर्ज हे आमचं खातं. खेळांशी आमचा काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. पण कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमांत एक कलम आहे. खेळाडूची स्कॉलरशिप पुढच्या वर्षासाठी कमी केली किंवा बंद केली, तर त्याला १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं आणि सुनावणी मागायचा हक्क द्यायचा. ही सुनावणी खेळ विभागाने घ्यायची नाही. म्हणून उन्हाळ्यात अशा एखाददुसऱ्या फाइली आमच्याकडे येतात आणि बहुतेक वेळा लवकर मिटतात. २०१८ च्या जुलैमधली एक फाइल मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आमच्या बेसबॉल संघातल्या एका डावखुऱ्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, स्कॉलरशिप ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली होती. दुसरं वर्ष संपवून तो तिसऱ्यात जाणार होता. अभ्यासात ठीक, शिस्तीची एकही तक्रार नाही, दुखापत नाही. कारणाच्या रकान्यात 'संघाची गरज' एवढंच लिहिलेलं. ती गरज काय, हे समजायला आकडे बघावे लागतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तेव्हा ८५ स्कॉलरशिप म्हणजे ८५ मुलं असा सरळ हिशेब होता. बेसबॉलमध्ये तुकडे पडायचे. पूर्ण संघाला ११.७ स्कॉलरशिप, त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या, ज्याला द्यायची त्याला निदान २५ टक्के द्यायची, आणि संघात मुलं ३५ पर्यंत. आमचे कोच सगळं टक्क्यांत मोजत, म्हणजे एकूण ११७० टक्के. त्या वर्षी ११६२ वाटून झाले होते, ८ शिल्लक. एका मुलाचा खांदा कायमचा गेला होता. वैद्यकीय कारणाने खेळ सुटलेल्याची मदत कॉलेज चालू ठेवू शकतं आणि ती मोजणीत धरली जात नाही, त्यामुळे त्याचे २७ मोकळे झाले. ८ आणि २७ मिळून ३५. कोचना हवे होते ५०. कमी पडलेले १५ टक्के आमच्या पिचरच्या वाट्यातून काढले.

हे ५० टक्के कुणाला, तर दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजातून येणाऱ्या मुलाला. तिथल्या एका सहायक कोचने काही वर्षांपूर्वी खेळाडू मिळवताना नियम मोडले होते. चौकशी होऊन निकाल लागेपर्यंत तो कोच निघून गेला होता. शिक्षा उरली ती संघाला: एक मोसम साखळी सामन्यांनंतरच्या स्पर्धांत खेळायला बंदी. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याचा खेळायचा एकच मोसम उरला होता आणि नेमका तोच बंदीचा.

त्या काळी बेसबॉलमधला खेळाडू एका कॉलेजातून दुसरीकडे गेला की त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागे. शिक्षा झालेल्या संघातून येणाऱ्याला त्यातून सूट मिळू शकत असे, पण एका अटीवर: त्याचे उरलेले सगळेच्या सगळे मोसम बंदीखाली येत असले पाहिजेत. एक मोसम उरलेला मुलगा सुटतो, दोन उरलेला अडकतो. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण कनेक्टिकटच्या बास्केटबॉल संघाचं आहे. २०११ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पुढे अभ्यासातल्या कमी गुणांकामुळे २०१३ च्या स्पर्धेतून त्यांना बाहेर ठेवलं गेलं. अ‍ॅलेक्स ओरिआकीचा एकच मोसम उरला होता. तो मिझुरीला गेला आणि लगेच खेळला. रॉस्को स्मिथचे दोन उरले होते. तो लास व्हेगसला गेला आणि वर्षभर बसून राहिला. संघ एकच, बंदी एकच. धाकट्याचा दोष इतकाच की तो एक वर्ष उशिरा कॉलेजात आला होता. मला ही अट तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

आमच्याकडे आलेल्या मुलाला ही सूट मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. त्याचे कागद मीच पाहिले. सभ्य मुलगा, प्रत्येक फॉर्म वेळेवर भरणारा. त्याच्याबद्दल माझ्या मनात तसूभरही राग नाही.

राग आहे तो अर्धवट नियमावर. खेळाडूला वाट मोकळी केली, पण ज्या संघात तो जाणार त्याची ११.७ ची मर्यादा तशीच ठेवली. पंगतीत नवं पान मांडायचं आणि भात वाढवायचा नाही, मग कुणाच्या तरी पानातलं काढून घ्यावंच लागतं. नियम मोडले तिसऱ्याच कॉलेजाने आणि पंधरा टक्के गेले आमच्या पोराचे. त्या कॉलेजाने यासाठी एक डॉलरही दिला नाही.

यावर तोड कुणाला सुचलीच नव्हती असंही नाही. २३ जुलै २०१२ ला पेन स्टेट विद्यापीठाला जबर शिक्षा झाली: सहा कोटी डॉलर दंड, चार वर्षांची बंदी, स्कॉलरशिपमध्ये मोठी कपात. तेव्हा तिथल्या फुटबॉलपटूंना कुठेही जाऊन लगेच खेळायची मुभा दिली गेली. त्यांना घेणाऱ्या कॉलेजांसाठी एनसीएएने मर्यादा सैल करायचीही तयारी दाखवली: यंदा एक जास्त झाला तर चालेल, पुढच्या वर्षी तेवढाच कमी घ्या. सोपा, माणुसकीचा उपाय. ज्या खेळाकडे सगळा देश डोळे लावून बसतो, त्याच्यासाठी तो काही दिवसांत सुचला. आमच्या बेसबॉलच्या मुलासाठी मी खेळांचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या कंप्लायन्स ऑफिसला विचारलं, तर उत्तर आलं की तो त्या प्रकरणापुरता होता. आमच्या कंप्लायन्सच्या प्रमुखांना नियमपुस्तक तोंडपाठ आहे. एखादा नियम चुकीचा असू शकतो, हे मात्र त्यांच्या कधी मनातही येत नाही.

सुनावणीला आम्ही तिघं होतो: मी, एक प्राध्यापक आणि विद्यार्थी कल्याण विभागाचे एक गृहस्थ. कोच सरळ बोलले. "मला जिंकावं लागतं. मी हे केलं नाही तर माझ्या जागी येणारा करेल." खोटं नव्हतं ते. कामगिरीच्या कारणावरून स्कॉलरशिप कमी करायची नाही, असं पाच बड्या कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, जानेवारी २०१५ मध्ये ठरवलं होतं. आम्ही त्यांच्यात मोडत नाही. हाच मुलगा तिथे खेळत असता तर ती फाइल तयारच झाली नसती.

मुलगा फार बोलला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ४० होतील का, एवढंच त्याने विचारलं. आमच्याकडे मदत एका वर्षाच्या कराराने मिळायची, त्यामुळे कुणालाच शब्द देता येईना.

मग मी माझ्या खात्यातून वाट शोधायला गेले आणि खरी गोम तिथे निघाली. त्याच्या घरचं उत्पन्न पाहता कॉलेजच्या स्वतःच्या गरजू निधीतून त्याला अनुदान सहज बसत होतं. पण तो बेसबॉलचे २५ टक्के घेत होता, म्हणून मी दिलेली ती रक्कमही त्या वेळच्या नियमाप्रमाणे संघाच्या ११.७ मध्ये मोजली गेली असती, आणि ११७० तर भरलेले होते. संघराज्य सरकारची कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीची पेल ग्रँट मोजत नसत, पण तिच्यात तो थोडक्यात बसत नव्हता. त्याच वसतिगृहात तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातली, कुठलाही खेळ न खेळणारी मुलं होती, त्यांना मी तेच अनुदान दिलं होतं. याला देता येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझे हात असे कुणी बांधले नव्हते.

निर्णय दोन विरुद्ध एक असा लागला. कपात कायम. विरोधातलं मत माझं, आणि ते मी सविस्तर लिहून दिलं. पण बाकी दोघांच्या बाजूनेही पाहायला हवं. नवीन मुलाचा करार सुनावणीच्या आधीच सही होऊन गेला होता, आणि चालू करारातली रक्कम खेळाच्या कारणावरून कमी करता येत नाही. आमच्या पिचरला १५ टक्के परत दिले असते तर बेरीज ११८५ झाली असती आणि नियमभंगाची नोंद आमच्याच कॉलेजावर झाली असती. म्हणजे आम्ही खोलीत बसायच्या आधीच निकाल लागलेला होता. मुलाला हक्क म्हणून दिलेली सुनावणी ही अशी.

कमी पडलेल्या पैशासाठी त्याच्या आईने पालकांचं प्लस कर्ज घेतलं. त्या वर्षी त्याचा व्याजदर ७.६ टक्के होता, शिवाय रक्कम हाती पडायच्या आधीच चार टक्क्यांहून जास्त शुल्क कापलं जायचं. फोनवर तो अर्ज मीच तिच्याकडून भरून घेतला. तिने एकदाही आवाज चढवला नाही. तिने चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

गरजू निधीची रक्कम मर्यादेत मोजायचा नियम एनसीएएने १ ऑगस्ट २०२० पासून काढून टाकला. आमचा पिचर त्याच वर्षी मेमध्ये पदवी घेऊन गेला होता. शेवटचा मोसम मार्चमध्ये करोनाने बंद पाडला. २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या कुणालाच बाहेर बसावं लागेना, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांवर ११.७ चं बंधनही उरलं नाही. त्यांच्यासाठी संघात ३४ मुलं एवढीच मर्यादा आहे. आमच्यासारख्या कॉलेजांची तिजोरी मात्र आहे तेवढीच आहे. येणारे वाढत गेले, तसे २०२४ पर्यंत ज्यांचा वाटा कापला गेला तेही वाढले, आणि त्या फाइलींत दुसऱ्या कॉलेजाच्या शिक्षेचा उल्लेखही नसे.

त्या प्रकरणानंतर मी आमच्या कॉलेजाच्या कार्यपद्धतीत एक अट घालून घेतली. ज्या संघात कुणाची स्कॉलरशिप कमी केली असेल, तिथे सुनावणी मागायची मुदत संपेपर्यंत, आणि मागितली असेल तर निकाल लागेपर्यंत, त्या पैशातून नव्या खेळाडूचा करार द्यायचा नाही. कंप्लायन्सचा तेव्हाही विरोध होता आणि आजही आहे: दुसरी कॉलेजं आठवडाभरात कागद पाठवतात, आपण खेळाडू गमावतो. काही गमावलेही असतील. दर उन्हाळ्यात ती अट काढायचा प्रस्ताव येतो, आणि दर उन्हाळ्यात मी ती फाइल घेऊन बैठकीला जाते. अजून तरी ती अट काढू दिलेली नाही.