पिवळ्या खडूचं उत्तर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आला तो जिन्याखालचा फळा. सगळ्याच शिक्षकांविषयी लिहायचं ठरवून बसले होते. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा बाईंपाशीच येऊन थांबले. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

कोणत्या बाई, हे आपल्यात कुणाला सांगायला नको. परिपाठाची घंटा होण्याआधी पांढऱ्या खडूने ‘आजचा प्रश्न’ लिहिणाऱ्या बाई एकच. उत्तर दुसऱ्या दिवशी, पिवळ्या खडूने, आणि त्याखाली एका ओळीत कारण. कारणाशिवाय उत्तर लिहिलेलं मला आठवत नाही. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन, दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराकडे. टंगस्टनची संज्ञा ‘डब्ल्यू’ का? कारण त्याचं दुसरं नाव वुल्फ्रॅम. सूर्याच्या सर्वांत जवळ बुध असताना सर्वांत तप्त ग्रह शुक्र कसा? त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचं दाट आवरण आहे, आत आलेली उष्णता ते सहज बाहेर सोडत नाही. आज खगोल, उद्या इतिहास, परवा खेळ. विषयाचा नेम नसायचा, वेळ मात्र कधी चुकली नाही.

मधला अख्खा दिवस आणि रात्र आमची असायची. कुणी मोठ्या भावाला विचारायचं, कुणी ग्रंथालयात विश्वकोशाचा खंड घेऊन बसायचं. मला तर रात्री अंथरुणावर पडल्यावर जे सुचायचं तेवढंच खरं माझं वाटायचं.

आठवीत असतानाची गोष्ट. फळ्यावर प्रश्न होता, ‘१९०० सालच्या फेब्रुवारीत दिवस किती?’ चारने भाग जातो म्हणजे लीप वर्ष, म्हणजे २९. मी छातीठोकपणे चिठ्ठी टाकली. दुसऱ्या दिवशी पिवळ्या अक्षरांत २८. खाली कारण: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. बाईंनी मग वर्गात सगळं उलगडून सांगितलं. वर्ष नेमकं तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं नसतं. ते त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असतं. ही मिनिटं साचत गेली आणि १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. दहा दिवस गाळले. पुढे पुन्हा चूक साचू नये म्हणून चारशे वर्षांत तीन लीप दिवस कमी करायचे ठरलं.

महिनाभराने दुसरा प्रश्न आला: ‘रशियातली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला का?’ उत्तर होतं, रशियात तेव्हा जुनंच कॅलेंडर चालू होतं आणि त्यानुसार ती तारीख २५ ऑक्टोबर १९१७ होती. सगळे पुढे गेले. माझं मन मात्र आकड्यात अडकलं. २५ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर, फरक १३ दिवसांचा. १५८२ मध्ये तर तो दहाच होता. वरचे तीन कुठून आले? त्या रात्री पांघरुणात बोटं मोडत मोजलं: १७००, १८००, १९००. नव्या कॅलेंडरात ही लीप वर्षं नव्हती, जुन्यात होती. म्हणजे रशियात १९०० सालच्या फेब्रुवारीत २९ दिवस होते!

सकाळी शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहिले. तोंडाला कोरड पडली होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर स्वतः वजाबाकी केली, दोनदा तपासली आणि म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.” जिन्याखाली गेल्यावर त्यांनी त्या दिवशीचा नुकताच लिहिलेला प्रश्न ओल्या फडक्याने पुसला. पिवळा खडू घेऊन लिहिलं: ‘१९०० च्या फेब्रुवारीचं माझं उत्तर अपुरं होतं. जुनं कॅलेंडर पाळणाऱ्या रशियात त्या महिन्यात २९ दिवस होते. दुरुस्ती: आठवी ब.’ फळा ओला होता, अक्षरं आधी फिकट दिसली आणि वाळत गेली तशी ठळक झाली. मी ती वाळेपर्यंत तिथेच उभी होते.

सगळ्या शाळेसमोर ‘माझं उत्तर अपुरं होतं’ असं लिहिणारी इतकी मोठी व्यक्ती मला पुन्हा भेटली नाही.

२९ फेब्रुवारी २००० हा मंगळवार होता. कॉलेजच्या वहीत तारीख टाकताना हात थांबला, ४०० ने भाग जातो हे मनात आलं आणि बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं, शेवटी एक नवा प्रश्न होता.

आज मी व्याज आणि मुदतीचा हिशेब करणाऱ्या संगणक प्रणाली तपासते. काही देशांतल्या संस्था त्या वापरतात याचा मला अभिमान आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका स्प्रेडशीटमध्ये साठाव्या क्रमांकाचा दिवस म्हणून २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख अजून आहे. त्याहून जुन्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून ती तशीच ठेवली आहे. पहिल्यांदा ती पडद्यावर पाहिली तेव्हा मला शाळेचा जिना दिसला. माझ्या जागेशेजारी मी छोटा फळा लावला आहे. रोज एक प्रश्न, उत्तर दुसऱ्या दिवशी. पण प्रश्न लिहून खडू खाली ठेवेपर्यंत कुणीतरी फोनमध्ये उत्तर शोधलेलं असतं. ते बरोबरही असतं. तरी मला फार वाईट वाटतं, कारण २८ हे उत्तर मला तेव्हा असंच तत्क्षणी मिळालं असतं तर रशियापर्यंत मी कधी पोचलेच नसते.

पत्रासोबतच्या छायाचित्रात जिन्याखाली आता स्क्रीन दिसते. प्रश्न वर आणि उत्तर लगेच त्याखाली. मुख्याध्यापकांना माझी मनापासून विनंती आहे, उत्तर दुसऱ्या दिवशी दाखवा. स्क्रीनवर तशी सोय करणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते मी स्वतः करून देईन. महोत्सवाच्या आदल्या दिवशीच येते आहे. आधी बाईंच्या घरी जाईन, पहिला प्रश्न त्यांच्याकडूनच घेऊन येईन.