पैलवानाचं नाक

गडी तालमीतला, दोन्ही कान मोडलेले, वजन शंभराच्या आसपास. नाक बंद म्हणून रात्रभर तोंडानं श्वास. मेडिकलमधून थेंब आणून महिनोन्‌महिने टाकत होता. हे थेंब आठवड्यापेक्षा जास्त वापरले की नाक उलट आणखी चोंदतं आणि माणूस आणखी थेंब टाकतो. ते बंद केले, स्प्रे दिला, तरी खालची टर्बिनेटं, म्हणजे नाकातल्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे, फुगलेलीच. नाकाचा मधला पडदाही जरा वाकडा होता. तो मी सोडला. ते काम खुर्चीत बसवून करण्यातलं नाही, आणि हा आखाड्यात परत नाकावर मार खाणारच.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या क्लिनिकमध्येच रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं, टर्बिनेटं आक्रसायचं ठरलं. "झोपवून करा की, डॉक्टर." सोबतचे वस्ताद म्हणाले, "गप बस."

भुलीच्या औषधाच्या पट्ट्या नाकात ठेवल्या, मग सुई. सुईतल्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, मिनिटभर छाती धडधडते, हे आधीच बजावलं होतं. तरी दरदरून घाम, ओठ पांढरे, आणि नाडी शंभरावरून घसरत पन्नासच्या खाली. अशी चक्कर धडधाकट पोरांनाच जास्त येते. आज्ज्या निवांत बसतात. खुर्ची आडवी केली, पाय वर धरले. ते पाय किती जड होते हे सिस्टर अजून सांगतात.

"वस्ताद, बोलत राहा त्याच्याशी." वस्ताद थेट कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानावर गेले: शाहू महाराजांनी १९१२ साली मैदान कसं उभं केलं, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून चहूबाजूंनी उतार कसा ठेवला. थोड्या वेळात नाडी सत्तरवर आली. थांबावं का, हा विचार माझ्या मनात होताच, पण गडीच म्हणाला, "करा आता."

पुढचं काम सोपं. दुर्बिणीतून बघत प्रोब टर्बिनेटच्या आत सरकवायचा, काही सेकंद ऊर्जा द्यायची, जागा बदलायची. त्या वेळात खोलीत 'रक्त' हा शब्द कुणी काढायचा नाही, एवढा नियम. वस्ताद मात्र स्क्रीनकडं बघून "आरं तिच्या!" म्हणालेच.

"आठवडाभर नाक जास्तच बंद वाटेल, खपल्या धरतील. मिठाच्या पाण्यानं धुवायचं, शिंकरायचं नाही. खरा फरक महिन्याभरात."

"जोर-बैठका?" वस्तादांनी विचारलं.

"दोन आठवडे नाही."

"निम्म्या?"

"नाही."

"खुराक तरी?"

"आज-उद्या गरम काही नको. थंडाई चालेल."

"मग ठीकाय," म्हणाले आणि गड्याला उठवलं.